आपला आणि आमचा

पावसकरांचा रेडिओ आठवड्यातून दोन-तीनदा तरी भिंतीकडे तोंड करून उभा असायचा. संध्याकाळी त्यांच्या खोलीत डोकावलं आणि टेबलावर रेडिओची पाठ दिसली, म्हणजे तो मागचा पुठ्ठा, त्याची भोकं आणि लोंबणारी वायर दिसली, की समजायचं, आज रेडिओनं काहीतरी परकं वाजवलं. शाळेत मास्तर व्रात्य मुलाला कोपऱ्यात उभं करतात, त्यातलाच प्रकार.

"अहो, सरळ बंद का नाही करत?" मी सुरुवातीला विचारलं होतं.

"बंद केला तर त्याला काय कळणार?" पावसकर म्हणाले. "वाजू दे भिंतीसमोर. लाजेल थोडा. मग वळवतो."

याउलट आपल्याकडचा कोणी गवई गायला, सतारिया वाजवून उठला, की पावसकर खुर्चीत ताठ बसून रेडिओसमोर टाळ्या वाजवत. एकटेच. कडकडून. नवीन राहायला आलेल्या लोकांना वाटायचं, या खोलीत रोज बक्षीस समारंभ असतो. गंमत म्हणजे तो रेडिओ स्वतःच विलायती होता. त्याच्या कपाळावरचं कंपनीचं नाव झाकायला पावसकरांनी तिरंगी कागदाची पट्टी चिकटवली होती. "हा जन्मानं तिकडचा, म्हणून तर जास्त लक्ष ठेवावं लागतं," असं त्यांचं म्हणणं.

चिंचवड स्टेशनाच्या अलीकडे आमच्या कंपनीची कॉलनी होती. मी प्लॅनिंगमध्ये, पावसकर इन्स्पेक्शनमध्ये. बाहेरून येणारा प्रत्येक सुटा भाग त्यांच्या टेबलावरून पुढे जायचा. हातात गेज. गेज म्हणजे दोन टोकांचा पोलादी दांडा. भोकात एक टोक गेलं पाहिजे, त्याला म्हणायचं गो; दुसरं जाता कामा नये, ते नो-गो. ह्या दोन शब्दांत पावसकरांचा सगळा कारभार. कॅन्टीनचा चहा नो-गो. भोसरीच्या वर्कशॉपनं केलेला बुश गो. हजामानं ठेवलेले कल्ले नो-गो. लग्नाचं काय, असं कोणी विचारलं की, "आमच्या बाबतीत मुलीकडच्यांनी नो-गो लावला," म्हणून हसून मोकळे.

चीनची लढाई झाली तेव्हापासून कंपनीत एकच मंत्र सुरू होता. जे बाहेरून येतं ते इथे बनवा. जर्मन ड्रॉइंगवरचा एखादा भाग भोसरीच्या एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये तयार होऊन आला, आणि गेजमध्ये बसला, की पावसकर तो दोन्ही हातांत धरून सगळ्या शॉपमध्ये फिरवत. बारशाला बाळ फिरवतात तसा. "बघा, आपला आहे! शंभर टक्के आपला!" यावरून त्यांचं नाव पडलं आपलेसाहेब. ते इतकं रुळलं, की नवीन आलेल्या एका टर्नरनं रजेचा अर्ज 'माननीय श्री. आपले यांस' असा लिहून दिला. पावसकरांनी तो मंजूर करायला वर पाठवला आणि खाली सही केली, 'आपलाच, पावसकर'.

ह्या शब्दाबाबत मात्र ते फार काटेकोर होते. आमच्यात एक कोल्हापूरचे गृहस्थ होते. ते एकदा म्हणाले, "आमच्या कोल्हापूरचा गवई बरं का हा." पावसकरांनी त्यांना तिथेच थांबवलं.

"आमचा नाही. आपला म्हणा."

"त्यात काय झालं?"

"झालं कसं नाही? तुम्ही आमचा म्हटलंत की मी दाराबाहेर. आपला म्हटलंत की मी आत येऊन पाटावर बसतो. मराठीत दोन शब्द उगाच ठेवलेत होय?"

व्याकरण म्हणून हे बरोबरच होतं. पण रोज सकाळी चहाच्या आधी कोणी व्याकरण सांगू लागलं तर माणसाला राग येतो. मला तर यायचाच. मी सिनेमाची गाणी ऐकणारा माणूस, त्यात कोणतं कडवं कुठल्या देशाच्या चालीवरून उचललंय याची मला काय पडलेली? पण पावसकरांना पडलेली असे. चांगलं गाणं चालू असताना ते मध्येच बोट वर करत, "हा तुकडा इंपोर्टेड," आणि गाण्याची मजा घालवत.

आपल्या कलावंतांवरचं त्यांचं प्रेम म्हणजे मामाचं प्रेम होतं. कोणी सतारिया परदेशात गाजून आला, पेपरात बातमी आली, की हे पेढे वाटत. जणू भाच्याला प्रमोशन मिळालं. आणि त्याच वेळी धुसफुसतही. आमच्याकडे एक जर्मन तज्ज्ञ आला होता, भला माणूस. तो कॅन्टीनमध्ये म्हणाला, तुमची सतार मला फार आवडते, माझ्याकडे रेकॉर्ड आहेत. पावसकर आनंदानं लाल झाले, त्याला दुसरा बटाटेवडा दिला. तो गेल्यावर मला म्हणाले, "बरा आहे माणूस. पण ह्यानं सर्टिफिकेट दिल्यावर आपण ऐकायचं का? आपल्या पोराला शेजाऱ्यानं शाबासकी दिल्यावर त्याला जवळ घ्यायचं, ही काय रीत झाली?" आता हे मला एकदम पटलं, आणि पटलं म्हणून जास्तच राग आला.

अशा माणसानं मंडळ काढलं नसतं तरच नवल. 'स्वकीय संगीत मंडळ'. दर महिन्याला एक बैठक, पंधरा ऑगस्टला मोठा कार्यक्रम. स्थापना, घटना, सतरंजी, सगळं पावसकरांचं. मागेपुढे बायकापोरं नसलेल्या त्या माणसाचं घर म्हणजे ते मंडळ होतं. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ते स्वतः सतरंज्या झटकत, गवयाला चालेल अशी कमी दुधाची कॉफी कुठे मिळेल ते बघून ठेवत. मी सेक्रेटरी झालो, कारण माझं अक्षर बरं होतं. आणि सेक्रेटरी म्हणूनच, पुढे एक दिवस पावसकरांना त्यांच्याच मंडळातून काढायचं की नाही, हे ठरवायला सभा बोलवायची पाळी माझ्यावर आली. तीच गोष्ट सांगायची आहे.

पण आधी मंडळाचे नियम. कलावंत आपलाच हवा, हा पहिला. वाद्यही आपलंच हवं, हा दुसरा. आणि ह्या दुसऱ्यानं आमचं पहिलं वर्ष खाल्लं. पेटी मुळात परदेशी. मग गायचं कशावर? पावसकरांनी दोन दिवस विचार करून निकाल दिला. "पेटी आली तिकडून, पण इथलं खाऊनपिऊन इथलीच झाली. गो." क्लॅरिनेट? "लग्नात वाजला की आपला. एरवी परका." व्हायोलिनवर तर पूर्ण सभा झाली. शेवटी ठरलं, मांडी घालून वाजवलं तर आपलं, उभ्यानं वाजवलं तर त्यांचं. एक पोरगा गिटार घेऊन आला होता. त्याच्याकडे करुणेनं बघत पावसकर म्हणाले, "मांडीवर आडवी घेतलीस तर विचार करू."

हसायला येतं खरं. पण ह्याच नियमानं एकदा वेगळंच काम केलं होतं. आमच्या फिटर लोखंड्यांचा पिंपरीच्या वस्तीत गाण्याचा ताफा होता. ढोलकी, पेटी, आणि लोखंड्यांचा तो पहाडी आवाज. बाबासाहेबांच्या जयंतीला ते रात्रभर गात. त्यांना पंधरा ऑगस्टला बोलवावं, असं पावसकरांनी मांडलं, तेव्हा स्टाफमधली काही मंडळी कुजबुजली. ते वेगळं गाणं आहे, म्हणाली. त्याचा श्रोता वेगळा आहे, म्हणाली. कोणी सरळ काही बोलेना, पण कशाबद्दल चाललंय ते सगळ्यांना कळत होतं. पावसकर उठले. "देशाबाहेरचे आहेत का? नाहीत ना? मग आपले. पुढचा विषय." लोखंडे त्या वर्षी गायले, आणि नंतर दर वर्षी गायले. कुजबुजणारे पहिल्या रांगेत बसून माना हलवत होते, तेही सांगितलं पाहिजे.

एका वाद्याला मात्र पावसकर कधीच गेज लावत नसत. सारंगी. तिच्याबद्दल चांगलं नाही, वाईट नाही. सारंगी लागली की रेडिओ भिंतीकडे नाही की टाळ्या नाहीत. गप्प बसून राहत. आम्हाला त्याचं काही वाटलं नाही. त्या काळी सारंगी ऐकली की सगळेच गप्प होत, कारण कोणी मोठा पुढारी गेला की रेडिओवर दिवसभर सारंगीच लावायचे. सकाळी सकाळी सारंगी ऐकू आली की बायका दारात येऊन विचारत, "अगं बाई, कोण गेलं?"

आणि आणखी एक. आमची कंपनीची सुट्टी गुरुवारी असे. गुरुवारी संध्याकाळी पावसकर इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना तेल लावून, सायकलवरून पिंपरीकडे जात आणि अंधार पडता पडता परत येत. कुठे जाता, विचारलं तर "काम आहे." पंचेचाळिशीचा अविवाहित माणूस, इस्त्रीचा शर्ट, दर गुरुवार. कॉलनीनं काय समजायचं ते समजून घेतलं. काही जण तर खूश झाले, की चला, उशिरा का होईना. माझ्या बायकोनं एकदा त्यांना मोगऱ्याची फुलं दिली, "घेऊन जा, उपयोगी पडतील," म्हणून. पावसकरांनी ती निमूटपणे खिशात टाकली.

एकाहत्तरची लढाई झाली. ब्लॅकआउटमध्ये पावसकर कॉलनीचे वॉर्डन. खिडक्यांना काळे कागद लावले आहेत की नाहीत ते बघत फिरायचे, एकाच्या देवघरातली समईसुद्धा त्यांनी नो-गो ठरवली. लढाई संपली, जिंकलो, पेढे वाटून झाले. आणि त्यानंतरच्या वर्षी एका गुरुवारी आमचे जोगळेकर पिंपरी कॅम्पात सफारी शिवायला टाकायला गेले.

जोगळेकर इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला. तिशीतला, अंगानं भरलेला, खाण्याचा शौकीन. पावसकरांचा चेला. पावसकर देशप्रेमाच्या पाण्यात उतरले असतील, तर जोगळेकर बुडालेले. कॅम्पात, म्हणजे फाळणीत तिकडून आलेल्या सिंधी लोकांच्या त्या बरॅकींमध्ये, स्वस्त आणि चांगला शिंपी म्हणून कोणीतरी खेमचंदचं नाव सांगितलं होतं. जोगळेकर गल्लीत शिरले आणि त्यांच्या कानावर सारंगी आली. कोण गेलं? दुकान सापडताच ते तसेच आत घुसले आणि म्हणाले, "कोण गेलं हो?"

कोणी गेलं नव्हतं. दुकानातल्या रेडिओवर कराची स्टेशन लागलं होतं. खेमचंद मशिनवर बसला होता, आणि कापड बेतायच्या फळीवर बोटांनी ठेका धरून, डोळे मिटून, "वाह गफूर, वाह!" म्हणत होते ते पावसकर.

जोगळेकरांनी माप दिलं नाही. तडक माझ्याकडे आले. "सेक्रेटरी, सभा बोलवा. शत्रूचं स्टेशन! वरून वाह म्हणतात! आमच्या रेडिओवर जरा बँड वाजला तर भिंतीकडे वळवायला लावायचे, आणि हे?" त्यांना राग आला होता, पण रडूही येत होतं, हे मला स्पष्ट दिसलं. एखाद्याला आपण गुरू मानावं आणि तो चोरून नको ते खाताना सापडावा, तसं त्यांचं झालं होतं. दुसऱ्या दिवसापर्यंत सगळ्या कॉलनीला कळलं. कॅन्टीनमध्ये पावसकरांच्या टेबलावर कोणी बसेना.

मी सभेची नोटीस घेऊन त्यांच्याकडे गेलो, तो गुरुवारच होता. सभा शुक्रवारी. पावसकर शर्टाची बटणं लावत होते. नोटीस वाचून त्यांनी सही केली.

"चला माझ्याबरोबर," ते म्हणाले. "बघून घ्या आधी. ऐकीव माहितीवर इतिवृत्त लिहू नये."

खेमचंदचं दुकान म्हणजे बरॅकीचा पुढचा व्हरांडा, त्याला पत्र्याचं छप्पर. खेमचंद उंच, वाकलेला, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. "अचो साईं, अचो," म्हणून त्यानं स्टूल पुसलं. आणि पावसकर त्याच्याशी बोलायला लागले, ते सिंधीत. मोडकंतोडकं नाही, भरधाव. मध्येच दोघं हसले. हा रत्नागिरीकडचा माणूस, ज्याला मी दहा वर्षं ओळखत होतो, त्याच्या तोंडून ती भाषा ऐकून मला क्षणभर आपणच चुकीच्या दुकानात आलोत असं वाटलं.

"साब, पावसकर आमचा गाववाला हाय," खेमचंद मला म्हणाला. "कराचीचा. आमच्या गल्लीच्या मागच्या गल्लीत राहत होता."

मग पावसकरांनी सांगितलं. त्यांचे वडील कोकणातून बोटीनं कराचीला गेले, बंदरात नोकरीला लागले. तिथे मराठी माणसांची वस्ती होती, शाळा होती, गणपती बसायचा. पावसकर तिथेच जन्मले. चाळीच्या मागच्या बाजूला एक सारंगिये राहत. त्यांचा मुलगा गफूर. हा सारंगी शिकला, पावसकर तबला. गणपतीत दोघं साथीला बसत.

"आरती सारंगीवर वाजवायचा लेकाचा," पावसकर म्हणाले. "भक्तीनं नाही, मोदकांसाठी. आमच्या आईनं सांगितलं होतं, चुकलास तर एक कमी. म्हणून कधी चुकला नाही."

सत्तेचाळीसला बोटीत बसताना त्यांची ट्रंक गफूरनं डोक्यावरून धक्क्यापर्यंत आणली होती. पासष्टपर्यंत पत्रं यायची. मग कधी यायची, कधी नाही. आता टपालच बंद. पण गफूर रेडिओवर साथ करायचा. गुरुवारी संध्याकाळी एका कार्यक्रमात. गाणाऱ्याचं नाव आधी सांगतात. साथीदारांची नावं शेवटी, घाईघाईनं.

"तेवढ्यासाठी येतो," पावसकर म्हणाले. "सारंगीवर गफूर, असं म्हणाला की झालं. समजायचं, आहे अजून."

"आणि हल्ली?"

"लढाई झाल्यापासून एकदाही नाव कानावर पडलं नाही. नेमकी नावं आली की खरखर सुरू. हात त्याचाच वाटतो. पण माझा तरी काय भरवसा? मला तोच हवा, म्हणून तोच वाटत असेल."

मी विचारलं, एवढ्या लांब यायचं कशाला, तुमच्या खोलीत रेडिओ आहे.

पावसकर दचकलेच. "त्याच्यावर? त्याला मी इतकी वर्षं काय शिकवलं, आणि आता त्यालाच हे लावायला सांगू?"

मला हसू आलं आणि ते लगेच गेलं. कार्यक्रम सुरू झाला. बाई गात होत्या आणि मागून सारंगी येत होती. मला सूर कळत नाही, पण पावसकरांचा चेहरा कळत होता. शेवटी निवेदक बोलू लागला आणि खरोखरच तारेवर पाऊस पडावा तसा आवाज फुटला. खेमचंदनं रेडिओला दोन थपडा मारल्या. नाव गेलंच. पावसकरांनी सायकलची किल्ली काढली आणि म्हणाले, "चला. पुढच्या गुरुवारी बघू."

शुक्रवारची सभा कॅन्टीनच्या बाजूच्या खोलीत भरली. एरवी व्हायोलिनवर बोलायला उठणारे सगळे खाली मान घालून बसले होते. जोगळेकर उभे राहिले. त्यांनी नियम क्रमांक एक वाचला, मग पाहिलं ते सांगितलं. जास्त काही बोलले नाहीत. मला वाटलं होतं पावसकर कराचीची, मोदकांची हकीकत सांगतील आणि प्रकरण मिटेल. पण ते उठून म्हणाले, "जोगळेकरांचं बरोबर आहे. नियम मी केला. गेजमध्ये बसत नाही तो माल रिजेक्ट, मग तो इन्स्पेक्टर का असेना. माझं नाव काढून टाका. सतरंज्या माझ्या खाटेखाली आहेत, दोन रफू करायच्यात."

एवढं बोलून ते बसले असते. पण जोगळेकरांना राहवेना. "पावसकरसाहेब, मला एकच सांगा. तुम्ही त्या माणसाला आपला म्हणता की नाही?"

"नाही."

"मग वाह कशाला म्हणालात?"

"आपला नाही म्हणत. तो आमचा आहे."

हाच शब्द तोंडून गेला म्हणून ज्यांनी आम्हाला दहा वर्षं सोललं, ते आज तोच शब्द वापरत होते.

"आमचा म्हणजे कोणाचा?" जोगळेकरांनी विचारलं.

"माझा. आणि पिंपरीतल्या एका शिंप्याचा. बस्स. तुम्हाला त्यात घेतलेलं नाही, कारण तुम्हाला घेतलं तर तुमची पंचाईत होईल. म्हणून तर इतकी वर्षं कोणाला सांगितलं नाही. मोगऱ्याची फुलंसुद्धा घेतली."

माझ्या बायकोची फुलं ती. मला कुठे बघावं कळेना.

तेव्हा मागून लोखंडे उठले. सभेत ते कधी बोलत नसत, गाणं झालं की घरी जात. "साहेब, आमी शिकलेलो न्हाई," ते म्हणाले. "पर आपलं कुनाला म्हनायचं, हे ठरवायला ह्या खोलीत एकदा आमच्यावर बी सभा झालती. मला म्हाईत न्हाई असं वाटतंय काय तुमाला? समदं म्हाईत हाय. तवा हाच मानूस उठला हुता. आता ह्याला काढायचा आसंल तर माझं बी नाव काढा. ढोलकी माझी स्वतःची हाय, ती मी घेऊन जातो." आणि ते बसले.

मतदान झालंच नाही. अध्यक्षांनी घसा साफ करून विषय पुढच्या सभेवर ढकलला. जोगळेकर तडक निघून गेले. त्यांच्या बशीतला वडा तसाच होता, आणि जोगळेकरांनी वडा टाकल्याचं त्याआधी किंवा नंतर कोणी पाहिलेलं नाही.

पुढच्या गुरुवारी मी आपणहून पावसकरांबरोबर गेलो. का गेलो, ते मला नीट सांगता येणार नाही. एकट्यानं जाऊ नये असं वाटलं. आम्ही दुकानात टेकतो न टेकतो तोच बाहेर सायकल आपटल्याचा आवाज झाला. जोगळेकर. खांद्यावर तांब्याच्या तारेचं भेंडोळं, खिशात पक्कड, कॅरिअरला बांबू.

"मी हरकत मागे घेतलेली नाही," ते आल्या आल्या म्हणाले. पावसकरांकडे बघत नव्हते. "पण कोण वाजवतो ते नक्की तर कळलं पाहिजे. इतिवृत्तात लिहायला." मग वर बघून ओरडले, "हा एरियल आहे? ही कपडे वाळत घालायची तार आहे! ह्याच्यावर कोणाचं नाव ऐकू येणार?"

खेमचंदनं शिडी दिली. जोगळेकरांचं ते वजन पत्र्यावर गेलं तेव्हा सगळं छप्पर कण्हलं. खेमचंद कपड्यांचे गठ्ठे बाजूला सरकवत सारखं "साब, संभालके, साब," म्हणत होता. वरून ठोकल्याचे आवाज, मध्ये जोगळेकरांचं पुटपुटणं, पत्र्याची धूळ. मग वायर खिडकीतून आत आली, खेमचंदनं ती रेडिओला जोडली, आणि आवाज असा आला की बाई जणू मशिनशेजारी बसून गाताहेत. पावसकर स्टुलावरून उठून उभेच राहिले. सारंगीच्या तारांवर घासणारा गजसुद्धा ऐकू येत होता.

गाणं संपलं. निवेदक बोलू लागला. खरखर नाही, काही नाही. गाणाऱ्या बाईंचं नाव आलं. तबल्यावरच्याचं आलं. मग सारंगीवरच्याचं. एकेक अक्षर स्वच्छ.

ते दुसऱ्याच कोणाचं तरी नाव होतं.

खेमचंदनं पायडलवरचा पाय काढून घेतला. मी पावसकरांकडे बघायचं धाडस केलं नाही. बातम्या सुरू झाल्या होत्या.

"आलं का हो?" छपरावरून जोगळेकरांचा आवाज आला. त्यांना धाप लागली होती, पण आवाजात आनंद मावत नव्हता. "पावसकरसाहेब! नाव आलं का?"

पावसकर दाराशी गेले. चौकट धरून त्यांनी वर पाहिलं.

"आलं, आलं!" ते मोठ्यानं म्हणाले. "अगदी स्वच्छ आलं. झकास काम केलंस. उतर आता सावकाश. त्या कडेला पत्रा कुजलाय, पाय जपून टाक."